माझं परदेशातलं फील्डवर्क: मुक्काम पोस्ट संगमनेर



मागची पोस्ट लिहून बरेच महिने झाले. "ब्लॉग बंद केलास का?" असं तिघा-चौघांनी विचारलं. बंद केलेला नाही. जानेवारी-फेब्रुवारीत सात आठवडे मी फील्डवर होते, आणि तिथून परत आल्यापासून दगड कापते आहे. या वेळी लिहायला आणखी एक कारण आहे, पण ते शेवटी सांगते. आधी तुम्ही नेहमी विचारता त्या प्रश्नाचं उत्तर: पीएचडी करणारा माणूस फील्डवर दिवसभर नेमकं करतो काय?

नव्या वाचकांसाठी थोडक्यात. मी युरोपातल्या एका विद्यापीठात भूशास्त्रात पीएचडी करते. विषय दख्खनचा बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण. त्यातही संगमनेर तालुक्यातला. माझं आजोळ तिथलंच, पठार भागातल्या एका गावातलं. म्हणजे शिकायला परदेशात गेले, आणि तिथून 'परदेशी फील्डवर्क'साठी मामाच्या गावाला आले!

फॉर्म क्रमांक एक

विद्यापीठाबाहेर पाऊल टाकायचं तर आधी जोखमीचा फॉर्म भरावा लागतो. माझा फॉर्म बारा पानी होता. प्रश्न साधारण असे: स्थानिक भाषा येते का? (येते.) जवळचं रुग्णालय किती अंतरावर? तिथे पिण्याचं पाणी सुरक्षित आहे का? आणीबाणीत कोणाला फोन करायचा? (मामी.) धोकादायक प्राणी कोणते?

या शेवटच्या प्रश्नापुढे मी प्रामाणिकपणे 'बिबट्या' असं लिहिलं. लगेच सुरक्षा अधिकाऱ्यांचा ईमेल आला की सविस्तर सांगा. मग मी त्यांना शेजारच्या अकोले तालुक्यातलं विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांचं संशोधन पाठवलं. २०१३ मध्ये 'प्लॉस वन'मध्ये ते प्रसिद्ध झालं. उसाच्या, माणसांनी गजबजलेल्या शेतीच्या भागात बिबटे कसे राहतात, हे त्यांनी कॅमेरा सापळे लावून दाखवलं होतं. अधिकाऱ्यांनी एकच अट घातली: अंधार पडल्यावर उसाच्या कडेनं एकटीनं फिरायचं नाही. मामी हेच वीस वर्षं सांगते आहे, तिला कुठलाही फॉर्म लागला नाही.

फॉर्ममध्ये एक रकाना नव्हता: 'स्थानिक लोक तुम्हाला काय विचारतील आणि तुम्ही काय उत्तर द्याल?' सगळा घोळ पुढे तिथेच झाला.

शेतातल्या काळ्या भिंती

आता माझा विषय. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी या भागात जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला. एकदाच नाही, पुन्हा पुन्हा. एकावर एक थर साचत गेले. आज उरलेला बेसॉल्ट सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. सह्याद्रीच्या कड्यांवर पायऱ्या दिसतात ना, ते हेच थर. इंग्रजीतलं 'डेक्कन ट्रॅप' हे नाव त्या पायऱ्यांवरूनच पडलं. स्वीडिश भाषेत पायरीला 'ट्रॅपा' म्हणतात. भूशास्त्रज्ञ या थरांचे गट पाडतात आणि त्यांना इथल्याच गावांची, घाटांची, डोंगरांची नावं देतात. सगळ्यात खालच्या गटाला कळसूबाईचं नाव आहे. आपल्या शेजारचा डोंगर जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत आहे तो असा.

हा लाव्हा वर आला कुठून? ज्या भेगांतून तो आला, त्यातल्या काही भेगांतच थोडा लाव्हा थिजून राहिला. आजूबाजूचा खडक झिजला की थिजलेला भाग भिंतीसारखा उघडा पडतो. याला डाइक म्हणतात. काही डाइक दोन-चार मीटर रुंद, काही त्याहून कितीतरी जाड, आणि लांबीला काही किलोमीटर. संगमनेरच्या आसपास असे बरेच आहेत. शेताच्या मधूनच काळ्या धोंड्यांची एक रांग सरळ जाते, तिच्यावर नांगर चालत नाही, म्हणून तिथे बांध असतो, बाभळी असतात. तुमच्या शेतात अशी रांग असेल तर ती नीट बघा. डाइकमध्ये दगडाचे खांब बहुतेक वेळा आडवे असतात, रचून ठेवलेल्या ओंडक्यांसारखे. कारण खडक थंड होताना भेगा थंड बाजूला काटकोनात पडतात, आणि डाइकच्या दोन्ही बाजू उभ्या असतात. लाव्हाच्या थराच्या थंड बाजू वर आणि खाली असतात, म्हणून थरातले खांब उभे असतात.

इथे काम करणारी मी पहिली नाही. २००० साली 'करंट सायन्स'मध्ये संगमनेर भागातल्या लाव्हाथरांवर लेख आला. इथले काही थर फुग्यासारखे आतून फुगत तयार झाले, हवाई बेटांवर आजही होतात तसे, हे त्यात दाखवलं होतं. २००६ मध्ये 'जर्नल ऑफ जिऑलॉजी'त निनाद बोंद्रे, विल्यम हार्ट आणि हेतू शेठ यांचा संगमनेरच्या डाइकांवरचा लेख आला. बोंद्रे आणि हार्ट त्या वेळी अमेरिकेत ओहायोतल्या मायामी विद्यापीठात होते. म्हणजे अटलांटिकपलीकडून येऊन संगमनेरचे धोंडे फोडायची परंपरा आमच्या आधीची आहे.

त्यांनी विचारलेला प्रश्नच मी पुढे नेते आहे: कोणत्या डाइकनं कोणत्या थराला लाव्हा पुरवला? डाइक आणि थर यांचं रसायन जुळवायचं, मग वय मोजायचं. वयाला महत्त्व का, तर डायनोसॉर संपले तो काळ नेमका हाच. २०१९ मध्ये 'सायन्स'च्या एकाच अंकात दोन गटांचे लेख आले. एकानं युरेनियम-शिसे पद्धतीनं वय काढलं, दुसऱ्यानं आरगॉनच्या पद्धतीनं. बहुतेक लाव्हा दहा लाख वर्षांच्या आत ओतला गेला, यावर दोघांचं एकमत. पण मेक्सिकोत उल्का आदळली त्याच्या आधी किती आणि नंतर किती, यावर मतभेद. तो वाद अजून मिटलेला नाही. माझ्या चाळीस-एक दगडांनी तो मिटणार नाही. पण भिंतीत एक वीट माझी असेल.

एक दिवस

सकाळी साडेपाच. थंडी कडाक्याची. मामी चुलीवर बाजरीच्या भाकरी थापते, बरोबर शेंगदाण्याची चटणी, कांदा, कधी पिठलं. साडेसहाला मी आणि मामेभाऊ मोटारसायकलवर निघतो. तो बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. सात आठवड्यांत तो हातोडा माझ्यापेक्षा चांगला मारायला लागला.

पिशवीत काय असतं? दोन किलोचा घण, छिन्नी, छोटा हातोडा, डोळ्यांना लावायचा चष्मा, भिंग, होकायंत्र, जीपीएस, वही, जाड प्लास्टिकच्या पिशव्या, पक्क्या शाईचे पेन, चार लिटर पाणी आणि डबा. होकायंत्रावर इथे डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, खडकाजवळ नेलं की सुई भरकटते. मग चार पावलं मागे सरकून दूरवरच्या झाडाकडे रोख धरून दिशा मोजायची.

एका ठिकाणी काम साधारण दीड-दोन तास चालतं. आधी डाइकच्या दोन्ही कडा शोधायच्या. कडेचा दगड अगदी बारीक कणांचा असतो, कारण गरम लाव्हा थंड खडकाला टेकला की चटकन थिजतो. मधला सावकाश थंड होतो, म्हणून तिथे कण मोठे, नुसत्या डोळ्यांनी दिसणारे. दोन्हीकडचा नमुना घ्यायचा. वरचा दगड उपयोगाचा नाही. तो कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटलेला असतो, पावसानं त्याचं रसायन बदललेलं असतं. आतला ताजा, निळसर काळा दगड मिळेपर्यंत फोडत राहायचं. मिळाला की ठिकाणाचा क्रमांक दगडावर, पिशवीवर आणि वहीत, असा तीनदा लिहायचा. पहिल्या वर्षी मी फक्त पिशवीवर लिहिलं होतं. पिशव्या प्रवासात फाटल्या. सहा दगड कुठले ते मला आजही माहीत नाही.

बाईमाणसाला फील्डवर आणखी एक हिशेब करावा लागतो, जो कुठल्या पुस्तकात नसतो: आडोसा कुठे आहे आणि पाणी किती प्यायचं. कमी पाणी पिऊन दिवस काढायचा मोह होतो. तसं केलं आणि चौथ्या दिवशी डोकं धरून झोपले. तेव्हापासून दुपारची जागा ठरवताना आधी जवळची वस्ती बघते. वस्तीवरच्या बायका काही न विचारता समजून घेतात, वर चहा पाजतात.

चारच्या सुमारास परत. अंधार पडेपर्यंत दगड धुणे, वाळवणे, फोटो काढणे. रात्री जेवणानंतर वहीतलं सगळं लॅपटॉपवर. दहाला डोळे मिटतात. फोटोत दिसतं तितकं हे रोमांचक नाही. सातपैकी दोन आठवडे तर रस्ता शोधणं, परवानगी मागणं, पंक्चर काढणं आणि कोणाची तरी वाट बघणं यातच गेले.

"मॅडम, मोजणी कशाची?"

हातात जीपीएस घेऊन कोणी बांधावर उभं राहिलं की पठारावर लोक पाच मिनिटांत जमतात. पहिला प्रश्न ठरलेला: "रेल्वेची मोजणी का?" पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा मार्ग तालुक्यातून जाणार, मग नाही जाणार, मग खोडदच्या रेडिओ दुर्बिणीमुळे बदलणार, अशा बातम्या लोक कित्येक वर्षं ऐकताहेत. त्यामुळे अनोळखी यंत्र दिसलं की आधी जमिनीची धास्ती. दुसरा प्रश्न: "सोनं-बिनं आहे का?" तिसरा, जरा वाचलेल्या माणसाचा: "जोर्व्यासारखं काही सापडलंय का?" संगमनेरजवळच्या जोर्व्याला १९५०-५१ मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केलं, आणि ताम्रपाषाण युगातल्या एका आख्ख्या संस्कृतीला त्या गावाचं नाव मिळालं. लोकांना त्याचा अभिमान आहे.

मी प्रत्येकाला सांगायचे: रेल्वे नाही, सोनं नाही, फक्त दगड. मग शांतता. आणि मग चौथा प्रश्न. तो प्रत्येक गावात, प्रत्येक बांधावर, चहाच्या प्रत्येक कपाबरोबर आला: "मग पाणी कुठं लागंल तेवढं सांगा."

सुरुवातीला मी हसून म्हणायचे, "तो माझा विषय नाही." उत्तर खरंच होतं. माझा प्रकल्प लाव्हाच्या रसायनावर आहे, भूजलावर नाही. पण दिवसाला चार वेळा तेच उत्तर देताना माझं मलाच कसंतरी व्हायला लागलं. या लोकांच्या बांधावरचे दगड मी फोडून नेणार, त्यांचं विश्लेषण युरोपात होणार, लेख इंग्रजीत छापून येणार, पदवी मला मिळणार. बाहेरून यायचं, नमुने उचलायचे आणि निघून जायचं, याला आमच्या क्षेत्रात 'पॅराशूट विज्ञान' म्हणतात. आपण ते नावं ठेवत वाचतो. माझ्याही पाठीवर तीच छत्री होती, फक्त तिच्यावर मराठीत लिहिलेलं होतं.

मामाचा प्रश्न

चौथ्या आठवड्यात मामानंच विचारलं. जेवण झालं होतं, तो ओट्यावर बसला होता. पठार भाग म्हणजे प्रवरा आणि मुळा या दोन नद्यांच्या मधला उंच भाग. चंदनापुरी घाट चढलात की सुरू होतो. खाली प्रवरेच्या काठाला भंडारदऱ्याचं पाणी, ऊस. वर पावसावर भिस्त. मामाची एक विहीर आहे, ती फेब्रुवारीअखेर तळ दाखवते. दोन बोअर मारून झाले, दोन्ही कोरडे. डाळिंबाची बाग वाचवायची तर तिसरा मारायचा, असं त्याच्या मनात होतं. पैसे सोसायटीचं कर्ज काढून आणायचे.

"पोरी, तू एवढी दगडाची डॉक्टर होणार," तो म्हणाला, "तिसरा कुठं मारू सांग."

"मामा, मला नाही सांगता येणार."

"पाणाड्या नारळ हातावर धरून सांगतो. तुला बारा वर्षं शिकून सांगता येईना?"

त्याला राग आला नव्हता, थट्टाच होती. पण मला रात्री झोप लागली नाही. कारण मला एक गोष्ट माहीत होती, जी मी बोलले नव्हते. मामाच्या शेताच्या मधून डाइक जातो. माझ्या नकाशावर त्याचा क्रमांकही होता. आणि त्याचे दोन्ही कोरडे बोअर डाइकच्या एकाच बाजूला होते, उताराच्या खालच्या.

डाइक आणि पाणी

आता हे जरा नीट समजून घेऊ, कारण सगळा मुद्दा इथेच आहे.

बेसॉल्ट हा स्पंज नाही. घट्ट काळ्या पाषाणात पाणी जवळजवळ राहत नाही. पाणी राहतं ते वरच्या मुरमात, खडकाच्या भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात, जिथे जुन्या लाव्हाचा वरचा भाग सच्छिद्र असतो. म्हणून आपल्याकडे विहिरी पूर्वापार आडव्या मोठ्या आणि बेताच्या खोल. जितकं खोल जावं तितकं पाणी जास्त, हे वाळूच्या प्रदेशात पुष्कळदा चालतं, बेसॉल्टमध्ये नाही. खाली भेग लागली तर लागली, नाहीतर तीनशे फूट धूळच.

मुरमातलं पाणी उताराच्या दिशेनं हळूहळू सरकत असतं. त्याच्या वाटेत डाइक आडवा आला तर काय होईल? डाइक घट्ट असेल तर तो जमिनीखालच्या बांधासारखा वागतो. वरच्या बाजूला पाणी तुंबतं, खालची बाजू कोरडी राहते. पण डाइक स्वतःच भेगाळलेला असेल, तर पाणी त्याच्यातून आरपार जातं. कधी डाइकच्या कडेचा खडक, जो कोट्यवधी वर्षांपूर्वी भाजला आणि तडकला, तोच पाण्याची वाट बनतो. म्हणजे डाइक धरण असू शकतो किंवा नाला असू शकतो. एकाच डाइकचा एक तुकडा धरण आणि दुसरा नाला, असंही होतं. नुसता दगड बघून हे कळत नाही. विहिरी बघाव्या लागतात.

म्हणून मग आम्ही विहिरी मोजल्या. प्राध्यापकांना न विचारता, माझ्या प्रकल्पाचे सहा दिवस खर्च करून. साधन काय? मोजपट्टी, तिला बांधलेलं वजन आणि खडू. डाइकच्या दोन्ही बाजूंच्या चौदा विहिरी.

पहिल्याच दिवशी धडा मिळाला. शेतीच्या पंपाला वीज एका आठवड्यात दिवसा येते, एका आठवड्यात रात्री. रात्री वीज असेल तर सकाळी विहीर उपसलेली असते, आणि मी मोजते ते पाणी खडकाबद्दल काही सांगत नाही, महावितरणच्या वेळापत्रकाबद्दल सांगतं! मग मामेभावानं युक्ती काढली: वीज दिवसा असलेल्या आठवड्यात पहाटे मोजायचं, पंप बारा तास बंद असताना.

निकाल? डाइकच्या वरच्या बाजूच्या बहुतेक विहिरींत पाणी वर होतं, खालच्या बाजूच्या बहुतेक विहिरींत बरंच खाली. पण दोन विहिरी साफ उलट वागल्या. तिथे डाइक तडकलेला असेल, किंवा त्या विहिरींना वेगळी भेग लागली असेल. चौदा विहिरी आणि एक आठवडा, एवढ्यावर यापुढे काही बोलता येत नाही.

मी जोखमीच्या फॉर्मच्या पाठकोऱ्या बाजूवर चित्र काढलं आणि मामाला हेच सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं.

"म्हणजे मारू का नको?"

"मारा असं मी म्हणणार नाही. पण मारलाच तर खालच्या बाजूला मारू नका. आणि पाणी लागलं तरी ते किती दिवस टिकेल, हे मला माहीत नाही."

तिसरा बोअर

मार्चमध्ये मी परत आले. ४१ नमुने, प्रत्येकी साधारण एक किलो. विमानात दोन बॅगा, प्रत्येकी २३ किलो. कपडे मामीकडे ठेवले, दगड आणले. विमानतळावर बॅग उघडायला लावली, "हे काय?" "दगड." "का?" खालचा माणूस वरच्याला बोलावतो, वरचा आणखी वरच्याला. विद्यापीठाचं पत्र दाखवलं की सोडतात, पण तोपर्यंत रांगेतले सगळे तुमच्याकडे बघत असतात. इथे आल्यावर दगड कापायचे, त्यांचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा पापुद्रा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, उरलेला दळून रसायन मोजायचं. वयासाठी निवडलेले कण अणुभट्टीत जातील, त्याला कित्येक महिने लागतील. ती वेगळी पोस्ट.

मार्चअखेर मामेभावाचा फोन आला. मामानं बोअर मारला. डाइकच्या वरच्या बाजूला. पाणी लागलं, फार नाही, पण बाग जगेल इतकं. पाणाड्यालाही बोलावलं होतं, त्यानंही जागा वरच्याच बाजूला दाखवली. मला तर मी परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं. खोटं कशाला बोलू, अर्धा तास मी प्रयोगशाळेत नाचत होते.

एप्रिलमध्ये फोन सुरू झाले. पहिला मामाच्या शेजाऱ्यांचा, मग त्यांच्या मेव्हण्यांचा, मग एका अनोळखी गृहस्थांचा: "मॅडम, तुमच्या त्या काळ्या भिंतीच्या वरच्या अंगाला आमचीही जमीन येते. गाडी बोलावलीय. नेमका पॉइंट सांगा." गावात आता ठरून गेलं होतं: परदेशातल्या पोरीनं सांगितलं, पाणी लागलं.

मंडळी, ही पोस्ट मी त्यासाठी लिहिते आहे. फोनवर मला हे नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे.

पहिली गोष्ट. एक बोअर म्हणजे पुरावा नाही. माझ्या दगडांच्या बाबतीत मी एका नमुन्यावर एक वाक्यही छापू शकत नाही. मग एका बोअरवर तुम्ही लाखाचं कर्ज काढावं, असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? उलट वागलेल्या दोन विहिरी आठवा. तुमचा बोअर त्यांच्या शेजारी पडला तर?

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. भिंतीच्या वरच्या बाजूला पाणी तुंबलं असेल, तर ते एक भांडं आहे. भांडं एकच. मामाचा बोअर, शेजाऱ्यांची जुनी विहीर आणि उद्याचे चार नवे बोअर, सगळे त्याच भांड्यात नळी घालतील. भांडं मोठं होणार नाही, फक्त लवकर रिकामं होईल. आणि सगळ्यांत आधी कोरडी पडेल ती कमी खोलीची विहीर, म्हणजे ज्याला बोअर परवडला नाही त्याची. मी मामाला जागा सांगताना हे बोललेच नाही. माझ्या डोक्यात फक्त मामाची बाग होती. ही चूक माझी.

मग करायचं काय? मी तुमची भूजलतज्ज्ञ नाही, पण जे ठाऊक आहे ते सांगते. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून आहे. निरीक्षण विहिरींची पातळी ती वर्षातून चार वेळा, म्हणजे जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. तेच आपण आपल्या वस्तीवर करू शकतो. मोजपट्टी, वजन, खडू, वही. पंप बारा तास बंद असताना, त्याच चार महिन्यांत. वर्षभर मोजलंत तर कोणती विहीर कोणत्या विहिरीशी जोडलेली आहे, भिंत कुठे पाणी अडवते आणि कुठे सोडते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल. आपल्याच जिल्ह्यात हिवरे बाजारनं पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली आणि शेतीसाठी बोअर न घेण्याचं गावानं ठरवलं. त्यांनाही सुरुवात मोजण्यापासूनच करावी लागली.

मामेभावानं एप्रिलपासून वही घातली आहे. चौदापैकी अकरा विहिरींचे मालक मोजू देतात. बाकीचे तिघं म्हणतात, "मोजलं की सरकार कर लावतंय." त्यांची समजूत अजून निघालेली नाही. माझे प्राध्यापक सहा दिवसांबद्दल रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी आकडे बघितले आणि एवढंच विचारलं: "मे महिन्याचे कधी येतील?"

मे महिन्याचे आकडे कालच आले. मामाच्या बोअरजवळच्या दोन विहिरी पहिल्यांदाच मेच्या आधी आटल्या आहेत. बोअरमुळेच, की पाऊस कमी झाला म्हणून, हे एका वर्षात सांगता येत नाही. मी मामाला फोन करून हे दोन्ही सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "त्यातली एक तर आपल्या सोपानाची हाय. त्याच्या गुरांना आजपास्नं आपल्या हौदावर पाणी पाजू."

तर, ज्यांनी फोन केले होते त्यांना माझं उत्तर: पॉइंट मी सांगणार नाही. वही मात्र पाठवते. जानेवारीत पुन्हा येते आहे, तेव्हा विहिरीवर भेटू. पंप बंद ठेवा.